गोष्ट त्यांची, हात आपला: गेमविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी या सदरात एक ओळ लिहिली होती, की सरळ एका वाटेने जाणाऱ्या स्टोरी गेमला 'हा तर पिक्चर आहे, यात खेळायचं काय' असं म्हणून हिणवणं आता पुरे झालं. त्या एका ओळीवर इतके मेल आले की कुठला लॅपटॉप घेऊ, कुठला मॉनिटर घेऊ हे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि पूर्ण सदर याच विषयाला दिलंय. लांब मेल थोडे कापलेत, भाषा तुमचीच आहे. एक गोष्ट आधीच सांगते, खाली काही गेमच्या कथा फुटणार आहेत, काहींचे शेवटसुद्धा. रेड डेड रिडेम्प्शन २, द लास्ट ऑफ अस आणि ब्रदर्स ज्यांना खेळायच्यात त्यांनी ती उत्तरं सोडून पुढे जावं.

प्रश्न: ताई, तुमचं अजिबात पटलं नाही. रूममेटच्या प्लेस्टेशनवर अनचार्टेड २ खेळलो. स्टिक पुढे दाबून ठेवायची, पायाखालचं काहीतरी कोसळणार, हिरो कसाबसा लटकणार, परत स्टिक पुढे. मी काहीही केलं तरी तेच होणार. याउलट झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये एका मंदिरात कंट्रोलर वाकडातिकडा करून चक्रव्यूहातून गोळा बाहेर काढायचा असतो, मला ते जमेना म्हणून मी कंट्रोलरच उलटा धरला, चक्रव्यूह पालथा झाला, मागची बाजू सपाट होती, गोळा त्यावरून सरळ घरंगळवत बाहेर काढला. ओरडलोच मी. ही मजा तुमच्या स्टोरी गेममध्ये कुठेय? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: निम्मं मान्य आहे, उरलेल्या निम्म्यासाठी मी भांडणार.

ही तक्रार जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेत आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या हॉलमध्ये, ड्रॅगन्स लेअर आली, डिस्नेतून बाहेर पडलेल्या डॉन ब्लुथने तिचं अ‍ॅनिमेशन केलेलं, सगळं चित्रण लेझर डिस्कवर, शेजारच्या मशीनवर चौकोनी ठिपके उड्या मारतायत आणि इथे पडद्यावर खरंखुरं कार्टून. लोक गर्दी करून बघायचे. पण करायचं काय, तर नेमक्या क्षणाला डावं, उजवं नाहीतर तलवार. बरोबर दाबलं की कार्टून पुढे सरकणार, चुकलं की मरण्याचा सीन. तू अनचार्टेडबद्दल जे म्हणतोयस ते त्या मशीनला तंतोतंत लागू होतं. 'हे बटण दाबा नाहीतर मेलात' हा प्रकार पुढे कित्येक गेमनी उचलला आणि मला तो आजही आवडत नाही, कारण तिथे डोकं लागत नाही आणि सगळं लक्ष बटणाच्या चिन्हाकडे असतं, त्यामुळे मागे एवढ्या मेहनतीने केलेला सीन दिसतसुद्धा नाही.

आता अनचार्टेड २, साल २००९. तिची सुरुवात आठव, दरीवर लटकलेला रेल्वेचा डबा आणि जखमी हिरो ड्रेक त्यावर चढतोय. दिसायला जबरदस्त, पण तिथे तुला विचार करण्यासारखं खरंच काही ठेवलेलं नाही, तुझी तक्रार तिथे शंभर टक्के बरोबर. पण त्याच गेममध्ये पुढे जे ट्रेनचं प्रकरण आहे ते घे. तिथे ही गेम बनवणाऱ्या नॉटी डॉगच्या लोकांनी ट्रेन खरोखर चालती बनवली, म्हणजे ट्रेन एका जागी उभी ठेवून मागचा देखावा सरकवला असं केलं नाही, डबे वळणावर वळतात आणि वळले की तुझा नेम चुकतो, शत्रू समोरून दिसेनासा होतो आणि पुढच्या वळणावर परत दिसतो. ट्रेन कुठे जाणार हे तुझ्या हातात नाही, पण टपावरून जायचं की बाजूला लटकत, आधी कोणाला गाठायचं, कुठे दबा धरायचा, हे तुझं तुलाच ठरवावं लागतं. गेम तीच, स्क्रिप्ट तेवढीच घट्ट, पण एका ठिकाणी हाताला काम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. माझ्या लेखी फरक हा एवढाच आहे, आणि तो खूप मोठा आहे. वाट मोकळी आहे की आखलेली हे मी दुसऱ्या नंबरला ठेवते, पहिला प्रश्न हा की जो क्षण महत्त्वाचा आहे तो माझ्या हातून घडला की माझ्यासमोर नुसता घडला.

याचं मला सर्वात आवडतं उदाहरण हाफ-लाइफ २ चं आहे, २००४ ची गेम. या गेममध्ये कॅमेरा हिरोच्या, म्हणजे गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांतून बाहेर पडत नाही, तुला बाजूला बसवून सिनेमा दाखवत नाहीत, माणसं बोलत असतात आणि तू खोलीभर हिंडू शकतोस. सुरुवातीलाच तू सिटी १७ च्या स्टेशनवर उतरतोस, सगळीकडे मास्क घातलेले शिपाई, लोक मान खाली घालून उभे. त्यातला एक शिपाई तुझ्या वाटेत उभा राहून एक रिकामा कॅन मुद्दाम खाली पाडतो आणि फर्मावतो, उचल आणि डब्यात टाक. टाकलास तर वाट सोडतो. पण कॅन हातात आल्यावर कळतं की तो फेकतासुद्धा येतो, आणि तोंडावर फेकून मारलास तर तो दंडुका घेऊन मागे लागतो. दोन्ही केलं तरी पुढे तुला त्याच रस्त्याने जायचंय, कथा इंचभरही बदलत नाही. तरीही अर्ध्या मिनिटात तुला वस्तू उचलायची आणि फेकायची कशी हे शिकवलं गेलं, या शहरात राज्य कोणाचं आहे हे कळलं, आणि अपमान गिळायचा की नाही हे तू स्वतः ठरवलंस. हे सगळं लिहून ठेवलेलं होतं, ठरवून मांडलेलं होतं. हेच जर कटसीनमध्ये, म्हणजे मध्येच नुसता बघायला लावतात त्या सिनेमाच्या तुकड्यात, दाखवलं असतं तर कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

झेल्डाबद्दल तू लिहिलंस ते वाचून मलाच परत ती काढावीशी वाटली. २०१७ ची ती गेम बनवताना निन्टेंडोच्या लोकांनी आधी जुन्या झेल्डासारखा सपाट, वरून दिसणारा छोटा नमुना बनवला होता आणि त्यात आग, वारा, लाकूड यांचे नियम तपासून बघितले होते, हे त्यांनी स्वतः जाहीर भाषणात दाखवलंय. गवत पेटतं, पेटलं की वर जाणारा वारा तयार होतो, त्या वाऱ्यावर तुझा ग्लायडर उचलला जातो, लोखंडी तलवार पाठीला असली की पावसात वीज तुलाच शोधत येते. एकदा नियम सगळीकडे सारखे ठेवले की खेळणारा काय काय करेल हे बनवणाऱ्यालाही पूर्ण माहीत नसतं, आणि चक्रव्यूहाची मागची बाजू सपाट ठेवणाऱ्या माणसाने तिथे तुला अडवायला भिंत घातली नाही यातच सगळं आलं. पण याची किंमतही बघ. त्या गेममध्ये हिरोच्या, म्हणजे लिंकच्या आठवणी जगभर विखुरलेल्या आहेत, कोण कुठली आधी शोधेल याचा नेम नाही, म्हणून त्यांची गोष्ट चढत चढत जाऊच शकत नाही. दऱ्याखोऱ्या सगळ्या लक्षात राहतात, कथा मात्र पातळच राहते. मला ती गेम प्रचंड आवडते पण तिच्यातल्या कुठल्या माणसासाठी जीव तुटला असं झालेलं नाही, आणि स्टोरी गेममध्ये ते पुष्कळदा झालंय.

प्रश्न: आम्ही कॉलेजात असताना सायबर कॅफेत जाऊन व्हाइस सिटी खेळायचो, मिशन कोण करतंय, चीट कोड टाकून रणगाडा काढायचा आणि गावभर फिरायचं. आता नोकरीला लागल्यावर हौसेने रेड डेड रिडेम्प्शन २ घेतली. घोडा, शिकार, बर्फ, पाऊस, सगळं एक नंबर. पण मिशन चालू झालं की डोक्याला शॉट. जरा बाजूने वळसा घालून जावं म्हटलं की मिशन फेल, गडी मागे राहिला की मिशन फेल. एवढं मोठं जग बनवलं तर मग वापरू का देत नाहीत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: भाऊ, तुमची तक्रार जगभरातल्या लोकांची आहे आणि ती रास्तच आहे. ही गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने २०१८ मध्ये जे जग बनवलं तसं मी दुसरं बघितलेलं नाही, रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाकडे बघून एक बटण धरलं की त्याला रामराम करायचा की त्याची कुरापत काढायची हे तुमच्यावर, आणि तो माणूस त्याप्रमाणे वागतो. मग मिशन लागलं की तोच आपला हिरो आर्थर मॉर्गन नकाशावरच्या पिवळ्या रेषेवरून चालणारा हुकमाचा ताबेदार होतो.

हे असं का होतं तेही सांगते. त्या मिशनमध्ये घोड्यावरून जाता जाता जी बोलणी असतात ती नटांनी रेकॉर्ड केलेली आहेत, रस्ता जेवढा तेवढीच लांब, कॅमेरा कुठे असेल, गोळीबार कुठल्या वळणावर सुरू होईल, कोण कुठे पडेल, सगळं बसवलेलं. तुम्ही वळसा घालून मागून आलात की ते सगळं कोलमडतं. मागून येणाऱ्यासाठीही काहीतरी बसवायचं तर काम दुप्पट, म्हणून सोपा मार्ग काढला, मिशन फेल. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या गेमने मला तीस तास शिकवलं की डोकं वापर, वाऱ्याची दिशा बघून हरणाच्या मागे जा, तिने मी डोकं वापरल्याबद्दल शिक्षा करावी हे मला चीड आणणारं वाटतं. अनचार्टेडने निदान कधी मोकळीक देतो असं म्हटलेलं नाही. तुमची व्हाइस सिटी ज्या मालिकेतली, त्या ग्रँड थेफ्ट ऑटोच्या जुन्या दिवसांत बऱ्याच मिशनला नुसतं सांगायचे की अमक्याला संपव, मग रस्त्यात ट्रक आडवा लावा नाहीतर छतावरून गोळी घाला, तुमचं तुम्ही बघा. तुमच्या रणगाड्याच्या फेऱ्यासुद्धा खेळणंच होतं, त्यात कमीपणा काही नाही.

पण त्याच गेममधला एक सीन मात्र मी कोणालाही काढू देणार नाही. आर्थर सावकारीची वसुली करायला जातो, एक आजारी शेतकरी, थॉमस डाऊन्स, कुंपणाशी उभा. पैसे नाहीत त्याच्याकडे. इथे तुम्हाला निवड नाही, त्याला बडवायचंच आहे, आणि बडवायचं बटण तुम्हीच दाबायचं. तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. त्या वेळी आपण हे विसरून पुढे जातो. कित्येक तासांनी डॉक्टर आर्थरला क्षय झाल्याचं सांगतो तेव्हा कळतं की तो कुठून आला. गेमने तिथे 'मारू की नको' असा पर्याय दिला असता तर आपण भले निघून गेलो असतो आणि सगळी गोष्टच उभी राहिली नसती. म्हणजे याच गेममध्ये मोकळीक काढून घेतल्याचा सर्वात चांगला उपयोगही आहे आणि सर्वात वाईटही.

मिशनमध्येच मोकळीक पाहिजे असेल तर २०१६ ची हिटमॅन घ्या. पॅरिसमध्ये एका महालात फॅशन शो चालू आहे, तिथे तुमचं सावज आहे, कसं गाठायचं ते गेम विचारत नाही. वेटर व्हा, सुरक्षारक्षक व्हा, एका मॉडेलसारखा तुमचा चेहरा दिसतो तर त्याचे कपडे घालून रॅम्पवरून चालून या. एकच महाल, पण दहा वेळा खेळलं तरी नवीन वाट सापडते. तुमच्यासारख्या माणसाला ती आवडेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: नमस्कार ताई. मला स्वतःला गेममधलं काही कळत नाही, मुलगा नववीत आहे. तो स्वतः खेळतो त्यापेक्षा जास्त वेळ यूट्यूबवर दुसऱ्यांनी खेळलेल्या गेम बघतो. विचारलं तर म्हणतो, आई या स्टोरीच्या गेम आहेत, सगळ्यांना सारखाच शेवट येतो, मग विकत कशाला घ्यायची. माझे पैसे वाचतात हे खरं, पण नुसतं बघणं आणि खेळणं यात काही फरक असतो का? (एक आई, ठाणे)

उत्तर: आधी दुसरंच सांगते, तो नेमकं काय बघतो ते एकदा शेजारी बसून बघा. स्टोरी गेममधल्या खूप गाजलेल्या गेम, उदाहरणार्थ द लास्ट ऑफ अस, मोठ्या माणसांसाठी आहेत, गेमच्या बॉक्सवर किंवा स्टोअरच्या पानावर वयाचं रेटिंग असतं आणि यूट्यूबवर बघताना ते कोणी बघत नाही.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या मुलाचं म्हणणं काही गेमच्या बाबतीत खरं आहे. मेटल गिअर सॉलिड ४ नावाची २००८ ची गेम आहे, तिच्या शेवटी जे कटसीन सुरू होतात ते तासाभराच्या वर चालतात, तो भाग विकत घेऊन बघितला काय किंवा यूट्यूबवर बघितला काय, सारखंच. पण सगळ्यांना शेवट सारखा येतो म्हणजे सगळ्यांना सारखंच वाटतं असं नाही. लास्ट ऑफ असच्या शेवटी जोएल, म्हणजे आपण खेळतो तो माणूस, एलीला, त्याने सांभाळलेल्या मुलीला, सोडवायला एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या आत पोचतो, एक सर्जन हातात सुरी घेऊन त्याच्या आणि एलीच्या मध्ये उभा असतो. थिएटरमधल्या बाकीच्या दोघांना सोडून देता येतं, पण या माणसाला मारल्याशिवाय गेम पुढे जातच नाही. तुम्ही तसेच उभे राहिलात तरी ती वाट बघत राहते. बघणाऱ्याला तो एक सीन असतो, खेळणाऱ्याला ते स्वतःच्या हाताने करावं लागतं, आणि पटत नसताना केलं ही भावना कित्येक दिवस जात नाही. जोएल बरोबर की चूक यावर लोक एवढी वर्षं भांडतायत ते त्यामुळेच.

आणि एक गेम अशी आहे जी यूट्यूबवर कळूच शकत नाही. ब्रदर्स, २०१३ ची. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघालेत. कंट्रोलरच्या डाव्या स्टिकने मोठा भाऊ चालतो, उजवीने धाकटा, आणि दोघांना आपापलं एकेक बटण. सुरुवातीला डोकं चक्रावतं, दोन हात दोन माणसं, हळूहळू सवय होते. धाकट्याला पोहता येत नाही, तो पाण्याला घाबरतो, मोठ्याच्या पाठीवर बसून नदी पार करतो. पुढे मोठा भाऊ मरतो. त्यानंतर आपला डावा हात रिकामा असतो, तीन-चार तास सतत चाललेला हात एकदम नुसता पडून राहतो आणि ते आपल्याला जाणवत राहतं. शेवटी धाकटा एकटा नदीकाठी येतो, पलीकडे जायचंय, उजव्या हाताचं बटण दाबून काही होत नाही, तो घाबरून मागे सरतो. आणि मग कधीतरी आपण न राहवून मेलेल्या भावाचं बटण दाबतो आणि तो पाण्यात उतरून पोहायला लागतो. पडद्यावर हे बघणाऱ्याला एक मुलगा पोहताना दिसतो, बस. बटण कुठलं दाबलं हे त्याला कळत नाही. गेम अगदी सरळ रेषेत जाते, कुठेही फाटा नाही, निवड नाही, शेवट सगळ्यांना तोच. तरी ती खेळावीच लागते. एका संध्याकाळीत संपते, किंमतही जास्त नसते, रेटिंग बघा आणि पटलं तर दोघांनी मिळून खेळा, म्हणजे डावा भाऊ तुम्ही चालवा.

प्रश्न: द वॉकिंग डेड खेळलो, दर थोड्या वेळाने 'क्लेमेंटाइन (गेममधली लहान मुलगी) हे लक्षात ठेवेल' असं यायचं. एका ठिकाणी कार्ली आणि डग यांच्यातल्या एकालाच वाचवता येतं, मी कार्लीला वाचवलं. दुसऱ्यांदा मुद्दाम डगला वाचवला. दोन्ही वेळेला पुढे जाऊन तो वाचवलेला माणूस मेलाच. ही फसवणूक नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: फसवणूक म्हणणार नाही, पण गेम सुरू होताना पडद्यावर जी पाटी येते की कथा तुमच्या खेळण्याप्रमाणे घडेल, ती पाटी जास्तीचं बोलते. एवढं नक्की. हिशेब करून बघा, गोष्टीत फक्त दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येकाचा परिणाम शेवटपर्यंत खरा ठेवला तर १०२४ गोष्टी लिहाव्या लागतील, त्यांची रेकॉर्डिंग, त्यांचं अ‍ॅनिमेशन, आणि आपल्यापैकी प्रत्येक जण त्यातली एक बघणार. म्हणून सगळेच फाटे थोडं अंतर चालून परत मुख्य रस्त्याला आणून जोडतात. २०१८ ची डेट्रॉइट तर प्रत्येक प्रकरण झालं की फाट्यांचा नकाशाच काढून दाखवते, तिथे दिसतं की किती वाटा खऱ्या आणि किती परत तिथेच येणाऱ्या. मला वॉकिंग डेडमधल्या निवडी तरीही आवडतात, कारण घड्याळ चालू असताना आपण कार्लीकडे का धावलो हे आपल्याला आपल्याबद्दल काहीतरी सांगतं. निवडीचा खरा परिणामच पाहिजे तर बाल्डर्स गेट ३ घ्या, २०२३ ची, तीन वर्षं आधीपासून लोकांच्या हातात देऊन देऊन घडवलेली, तिथे एखादं महत्त्वाचं पात्र तुम्ही पहिल्याच भेटीत मारून टाकलं तरी गेम मुकाट्याने पुढची सोय करते.

प्रश्न: मला ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठेही फिरता येतं अशा मोकळ्या जगाच्या गेम, जमतच नाहीत. नकाशावर शंभर खुणा, कुठे जाऊ कळत नाही, चार दिवसांनी सोडून देते. मैत्रिणी म्हणतात तुला गेममधलं कळत नाही. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: तुला कळतं, म्हणून तर कंटाळा येतोय. टॉवरवर चढा, नकाशा उघडा, खुणा एकेक करून पुसा, याला मोकळीक म्हणत नाहीत, ती कामाची यादी आहे. माझं ऐक, सहा-आठ तासांची सरळ गेम घे आणि पूर्ण कर.

आणि कधी परत ओपन वर्ल्डकडे जायचं झालं तर २०१४ च्या फार क्राय ४ ची नुसती सुरुवात खेळ. हिमालयातला किरात नावाचा काल्पनिक देश, तू आईच्या अस्थी घेऊन तिथे आलीयस, तिथला हुकूमशहा पेगन मिन तुला जेवणाच्या टेबलावर बसवतो आणि म्हणतो इथेच थांब, मी आलोच. सगळे खेळणारे लगेच उठून पळ काढतात, कारण गेममध्ये थांबायचं नसतं असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे, आणि मग पुढे कित्येक तासांची लढाई. पण कोणी खरंच पाव तासभर तिथे बसून राहिलं तर तो परत येतो, थांबल्याबद्दल कौतुक करतो, अस्थी जिथे ठेवायच्या तिथे तुला घेऊन जातो आणि गेम संपते. एवढ्या मोठ्या नकाशावरच्या सगळ्या खुणांपेक्षा त्या टेबलापाशी दिलेली मोकळीक मला मोठी वाटते.

प्रश्न: ताई, मी पुण्यात गेम डिझाइन शिकतोय. फायनल प्रोजेक्टला आम्ही चौघं मिळून सह्याद्रीतली ओपन वर्ल्ड करायची म्हणतोय, सगळे किल्ले, घोडा, पाऊस, गनिमी कावा. सर म्हणतात छोटं करा, सरळ करा. सरळ केलं तर गनिमी कावा कसला? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: तुझे सर बरोबर आहेत आणि तुझा प्रश्नही बरोबर आहे.

तुझ्याच शहरातलं उदाहरण बघ. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने २०२० मध्ये राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक आणली. एक मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि त्याला शोधत जाणारी एक वाट. कॅमेरा बहुतेक ठिकाणी त्यांनीच बसवलेला, वाट ठरलेली, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू यांचे आवाज, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेले. एका वीकेंडला संपते. तेवढ्याच लोकांनी मोकळं जग करायला घेतलं असतं तर भिंतीवरच्या त्या चित्रांवर, त्या कमानींवर एवढं काम करायला वेळच उरला नसता. सरळ वाट असली की प्रत्येक वळणावर खेळणाऱ्याला काय दिसेल हे तुम्हाला माहीत असतं, आणि चौघांच्या टीमकडे एवढं एक जरी असलं तरी खूप आहे.

दुसरं, अनचार्टेडचीच द लॉस्ट लेगसी, २०१७ ची. ती आपल्याकडेच घडते, गेममधल्या दोघी नायिका क्लोई आणि नदीन होयसळांच्या राजधानीच्या शोधात पश्चिम घाटात जीप घेऊन फिरतात. भूगोल त्यांनी सोयीने वाकवलाय, बेलूर-हळेबीडूला जाऊन आलेल्या माणसाला तिथले ते प्रचंड धबधबे कुठून आले असा प्रश्न पडेलच. पण रचना अभ्यासण्यासारखी आहे. पूर्ण गेम आखलेली, फक्त एका प्रकरणात मोठं खोरं मोकळं सोडलंय, तीन भग्न वास्तू, कुठलीही आधी करा, चिखलातून जीप कुठून घालायची ते तुमचं तुम्ही बघा. त्या खोऱ्यात हिंडताना दोघींची बोलणी चालू राहतात, आधी तुटक, मग जरा मोकळी, म्हणजे गोष्टही थांबत नाही. नंतर परत वाट अरुंद होते आणि पुढे एका ठिकाणी त्या अडकलेल्या हत्तीला सोडवून त्याच्यावर बसून जातात, तिथे खेळण्यासारखं जवळजवळ काही नाही, आणि तरी तो प्रसंग गोड आहे कारण त्याच्या आधी बराच वेळ सगळं तुम्हीच करत होतात.

आता तुमचं प्रोजेक्ट. सगळे किल्ले सोडा, एक किल्ला घ्या. तोही पूर्ण नको, एक महादरवाजा, त्याच्या आतला चौक, आणि मागचा कडा. एक रात्र. गोष्ट आधी ठरवून टाका, कोण चढतंय, का चढतंय, सकाळ व्हायच्या आत काय व्हायला हवं, त्यात खेळणाऱ्याला काहीही बदलता आलं नाही तरी चालेल. पण वर कसं जायचं हे पूर्ण त्याच्यावर सोडा. दोन-तीन नियम असे घट्ट ठेवा की ते सगळीकडे लागू होतील: पाऊस पडला की दगड निसरडा होतो पण पावलांचा आवाज दबतो, मशाल विझते, पहारेकरी उजेडाकडे आणि आवाजाकडे वळतो. मग कोणी गवताचा भारा घेऊन दरवाजातून आत शिरेल, कोणी पाऊस येईपर्यंत कड्याखाली बसून राहील, कोणी मशालच दरीत फेकून सगळ्यांना तिकडे पळवेल. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नसेल आणि तरी गनिमी कावाच असेल.

आणि टेस्टिंगला तुमच्या वर्गातली मुलं घेऊ नका, ती तुमच्यासारखाच विचार करतात. घरातलं कोणीतरी बसवा ज्याने कधी कंट्रोलर धरलेला नाही, मागे गप्प उभे राहा, सांगू नका काहीच, आणि ते माणूस जिथे काहीतरी वेगळंच करायला जाईल तिथे तुमची गेम त्याला अडवते का ते लिहून ठेवा. बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी गेम, तयार झालं की लिंक पाठव, मी आधी कड्याच्या बाजूने येणार आहे.